टक्केवारीने जाती ठरतात का?

वर्तमानपत्रांत अधूनमधून एक बातमी येते. अमुक डोंगरात वटवाघळाची नवी जाती सापडली आणि डीएनए चाचणीने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. बातमीत बहुधा एक टक्केवारीही असते : जवळच्या नातेवाइकापेक्षा हिचा डीएनए इतके टक्के वेगळा आहे. वर्गात एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारतो, 'मग किती टक्के वेगळा असला म्हणजे जाती वेगळी?' प्रश्न उत्तम आहे. त्याचे एक तयार उत्तर २००१ सालापासून संशोधनाच्या जगात फिरते आहे. ते पाठ करायला सोपे आहे, आणि आमची तक्रार आहे ती त्या सोपेपणाविषयीच.

उत्तर देणारे दोघे काही ऐरेगैरे नव्हेत. अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठाचे रॉबर्ट ब्रॅडली आणि रॉबर्ट बेकर हे सस्तन प्राण्यांच्या आनुवंशिकीतले जाणते संशोधक. बेकर यांनी तर वटवाघळांच्या गुणसूत्रांचा अनेक वर्षे अभ्यास केला. 'जर्नल ऑफ मॅमॉलॉजी' या नियतकालिकात त्यांनी कृंतक प्राणी आणि वटवाघळे यांच्या एका जनुकाची तुलना मांडली. या जनुकाचे नाव सायटोक्रोम-बी. ते पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये असते, आणि त्याची लांबी सुमारे ११४० अक्षरे भरते. (डीएनएची अक्षरे चारच, हे शिक्षकांना सांगायला नको.) दोन प्राण्यांमधील हा मजकूर शेजारी शेजारी मांडायचा आणि किती जागी अक्षर बदलले ते मोजायचे. फरक दोन टक्क्यांहून कमी, म्हणजे तेविसाच्या आत अक्षरे वेगळी, तर प्राणी एकाच जातीचे असावेत. फरक अकरा टक्क्यांहून जास्त, म्हणजे सव्वाशेच्या वर अक्षरे वेगळी, तर जाती वेगळ्या मानाव्यात. मधल्या पट्ट्यात काहीही असू शकते, तिथे अधिक तपास करावा.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा एक घोळ मिटवू. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'प्रजाती' हा वरचा गट आहे आणि 'जाती' हा त्याखालचा. वर्तमानपत्रे मात्र खालच्या गटालाच 'प्रजाती' म्हणतात. त्यामुळे विद्यार्थी 'नवी प्रजाती सापडली' असे वाचतो आणि पुस्तकाच्या हिशेबाने त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो. या लेखात आम्ही पाठ्यपुस्तकाची रीत पाळली आहे.

वटवाघळांच्या बाबतीत हा प्रश्न एवढा का पेटावा? २००५ साली जगभरातील सस्तन प्राण्यांची जी मोठी यादी प्रसिद्ध झाली तिच्यात वटवाघळांच्या १११६ जाती होत्या. आज ती संख्या १४०० च्या वर गेली आहे. वीस वर्षांत एवढी वटवाघळे कुठून आली? काही खरोखरच अनोळखी डोंगरांतून आणि गुहांतून आली. पण पुष्कळशी आली ती जुन्याच जातींचे दोन-तीन तुकडे पडून. असा तुकडा पाडायचा तर आधार हवा. तो पूर्वी मोजपट्टीचा असे, आता डीएनएचा असतो.

मोजपट्टीपासून सुरुवात करू. वटवाघूळ हातात आले की अभ्यासक पहिल्यांदा कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड मोजतो. याला अग्रबाहू म्हणतात. हेच का? कारण पंख मिटलेला असताना हे हाड दोन्ही टोकांना नीट हाती लागते, आणि मेलेल्या प्राण्याचे कातडे वाळून आक्रसले तरी हाड आक्रसत नाही. संपूर्ण शरीराची लांबी मोजायला गेलो तर प्राणी किती ताणला यावर ती अवलंबून राहते. त्यानंतर कान, शेपूट, पाऊल, आणि नमुना संग्रहात ठेवायचा असेल तर कवटी आणि दातांची रांग. भारतीय उपखंडातील वटवाघळांवर पॉल बेट्स आणि डेव्हिड हॅरिसन यांचा जो ग्रंथ १९९७ साली निघाला, त्यातील ओळखीच्या किल्ल्या मुख्यतः अशाच मापांवर आणि दातांच्या ठेवणीवर उभ्या आहेत. आपल्याकडचे काम करणारा प्रत्येक जण आजही तो ग्रंथ उघडतो.

मापांच्या अडचणी मात्र जुन्या आणि चिवट आहेत. पिलू उडू लागले की लांबून मोठ्या वटवाघळासारखेच दिसते, पण त्याची हाडे अजून वाढत असतात. म्हणून पंख दिव्यापुढे धरून बोटांचे सांधे पाहावे लागतात. सांध्याशी उजेड आरपार दिसला तर तिथे अजून कूर्चा आहे, प्राणी लहान आहे. बऱ्याच जातींत मादी नरापेक्षा किंचित मोठी असते. शिवाय दोघांनी एकच हाड मोजले तर माप दशांशात का होईना वेगळे येते, आणि ज्या दोन जातींमध्ये फरकच अर्ध्या मिलिमीटरचा आहे तिथे हा दशांश महागात पडतो.

यापेक्षा मोठी अडचण भूगोलाची. आपल्याकडच्या केळीच्या बागांत आणि ताडाच्या झाडांवर सर्रास दिसणारे आखूड नाकाचे फळखाऊ वटवाघूळ घ्या. शास्त्रीय नाव सायनोप्टेरस स्फिंक्स. २००१ मध्ये अमेरिकी आणि भारतीय संशोधकांच्या एका गटाने दाखवले की दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसतसा या एकाच जातीच्या शरीराचा आकार वाढत जातो. आता समजा, एखाद्याने तमिळनाडूतले दहा नमुने मोजले, दुसऱ्याने उत्तरेकडचे दहा मोजले, आणि मधल्या मुलखात कोणी गेलेच नाही. आकड्यांत दोन सुटे गट दिसतील आणि 'नवी जाती' तयार! मधले नमुने आणले की ती विरघळून जाईल.

याचा एक सोपा प्रयोग वर्गात करता येतो. सातवीच्या आणि नववीच्या प्रत्येकी वीस मुलांच्या कोपर ते मनगट अशा लांब्या मोजून चिठ्ठ्यांवर लिहाव्यात, चिठ्ठ्या मिसळाव्यात, आणि आठवीच्या मुलांना सांगावे की यांचे दोन गट पाडा. सरासरी वेगळी असेल, तरीही कितीतरी चिठ्ठ्या कुठल्या ढिगात टाकायच्या हे ठरणार नाही. सरासरीतला फरक आणि एकेकाला ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तासाभरात कळते. (खऱ्या वटवाघळांवर हा प्रयोग करण्याचा मोह टाळावा. त्याला परवानगी लागते, आणि वटवाघळाचा चावा ही थट्टा नव्हे.)

संगणक आल्यावर मापांचा कस वाढला हे खरे. एकाऐवजी पंधरा मापे एकत्र घेऊन आलेख काढता येतो. पण इथेही एक खोड आहे. पुष्कळदा संगणकाला आधीच सांगितलेले असते की हे नमुने 'अ' गटाचे आणि ते 'ब' गटाचे. आता या दोहोंना जास्तीत जास्त दूर नेणारी मापांची जुळणी शोधून काढ. संगणक आज्ञाधारक आहे. नमुने थोडे आणि मापे पुष्कळ असतील तर तो कशाही दोन ढिगांना दूर नेऊन दाखवतो. आलेखात दोन सुबक पुंजके दिसतात आणि वाचकाला वाटते की ते निसर्गातच होते. असा आलेख पाहिला की आम्ही आधी नमुन्यांची संख्या वाचतो आणि मग चित्राकडे वळतो.

तरीही जुन्या पद्धतीला मोडीत काढणाऱ्यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातला एक नमुना आठवावा. तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात १९४८ साली अँगस हटन यांनी तो मिळवला होता. त्यावर नाव पडले सायनोप्टेरस स्फिंक्स, म्हणजे वर सांगितलेले सर्रास आढळणारे वटवाघूळ. चोवीस वर्षे तो तसाच राहिला. मग थायलंडचे अभ्यासक किट्टी थाँगलाँग्या यांनी त्याचे दात पाहिले. पटाशीच्या दातांची वर आणि खाली एकेकच जोडी, आणि बाहेरून शेपूट नाहीच. ही तर नुसती जातीच नव्हे, प्रजातीसुद्धा नवी होती. १९७२ साली त्यांनी तिला सलीम अली यांचे नाव दिले : लॅटिडेन्स सलीमअलीआय. इथे ना टक्केवारी लागली ना यंत्र. लागला तो तोंड उघडून पाहणारा माणूस.

आता डीएनएच्या बाजूची गोष्ट पाहू, आणि ती तिच्या सर्वांत झळझळीत यशापासून सुरू करणे न्यायाचे होईल. युरोपातील सर्वांत परिचित वटवाघूळ म्हणजे पिपिस्ट्रेल, पिपिस्ट्रेलस पिपिस्ट्रेलस. १७७४ पासून हे नाव चालू. वजन चार ते आठ ग्रॅम, घरांच्या छपरांत राहणारे. ब्रिस्टॉल विद्यापीठाचे गॅरेथ जोन्स आणि सोफी व्हॅन पारिस यांनी १९९३ मध्ये त्यांचे आवाज तपासले. वटवाघळे तोंडातून आपल्याला ऐकू न येणारा उंच आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून किडा कुठे आहे ते ओळखतात. एकाच जातीचे आवाज एका सरासरीभोवती पसरलेले असावेत अशी अपेक्षा. प्रत्यक्षात आलेखाला दोन शिखरे आली : एक ४५ किलोहर्ट्झजवळ, दुसरे ५५ जवळ. मग १९९६ मध्ये असे दिसले की मीलनाच्या हंगामात ४५ वाल्या नरांकडे ४५ वाल्याच माद्या येतात आणि ५५ वाल्यांकडे ५५ वाल्याच. आणि १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये डीएनएचा निकाल आला. दोघांच्या सायटोक्रोम-बीमध्ये अकरा टक्क्यांहून अधिक फरक होता. अग्रबाहू पाहावा तर दोघांचेही २८ ते ३४ मिलिमीटरच्या आसपास, एकमेकांवर जवळजवळ पूर्ण चढलेले. सव्वादोनशे वर्षे मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्यांच्या नाकाखाली दोन जाती नांदत होत्या. दुसरीसाठी १८२५ साली लीच यांनी दिलेले आणि पुढे अडगळीत पडलेले 'पिग्मिअस' हे नाव धूळ झटकून काढले गेले. कोणते नाव कोणाचे, याचा निर्णय प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००३ मध्ये दिला.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण शेवटच्याच पायरीवर उभे राहून टाळ्या वाजवतात : डीएनएने सिद्ध केले. आमच्या मते या गोष्टीतला खरा पुरावा १९९६चा आहे. एकाच परिसरात राहून, एकमेकांना भेटण्याची पूर्ण मुभा असून, दोन गट एकमेकांत जोडीदार शोधत नाहीत. जाती म्हणतात ती हीच गोष्ट. डीएनएने सांगितले की हे आजकालचे नाही, फार जुने आहे. तो दुजोरा मोलाचा होता. पण आवाज आणि वागणूक यांनी प्रश्न नीट मांडून दिल्यावर मिळालेला तो दुजोरा होता.

चार वर्षांनी ब्रॅडली-बेकर यांचा नियम आला, आणि त्यातही वरची रेघ अकरा टक्क्यांवरच होती. आता नियमाकडे जरा वाकून पाहू. दोन टक्के आणि अकरा टक्के हे आकडे आले कुठून? ज्या जाती आधीच मान्य होत्या त्यांच्यातले फरक मोजून. त्या मान्य कशाच्या आधारे होत्या? बव्हंशी कवट्या, दात, रंग आणि गुणसूत्रे यांच्या. म्हणजे मोजपट्टीने पाडलेल्या घरांची सरासरी रुंदी काढून तिलाच निसर्गाचा नियम म्हटले गेले. नियम मोजपट्टीच्या चुका सुधारायला निघाला होता, आणि त्याचे पाय तिच्याच खांद्यावर होते. ब्रॅडली आणि बेकर यांनी मधला पट्टा प्रामाणिकपणे मोकळा सोडला, हे मान्यच करायला हवे. पण २००६ मध्ये त्यांनी याच विचाराचा विस्तार करून सस्तन प्राण्यांच्या दोन हजारांहून अधिक जाती अजून ओळखायच्या आहेत असे भाकीत केले, आणि नंतरच्या लेखकांनी तर पट्टा विसरून फक्त आकडे उचलले. 'सात टक्के फरक आढळला, म्हणून वेगळी जाती' अशी वाक्ये आम्ही इतक्या निबंधांत वाचली आहेत की आता ती वाचून हातातली पेन्सिल आपोआप समासात प्रश्नचिन्ह काढते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सायटोक्रोम-बी तंतुकणिकांत असते आणि तंतुकणिका येतात फक्त आईकडून. आजीच्या सोन्याच्या पाटल्या आईकडे, आईच्या मुलीकडे, मुलीच्या नातीकडे जाव्यात तसे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरात गेली की पाटल्याही गेल्या. चार पिढ्यांनंतर त्या पाटल्या पाहून त्या घराचे आडनाव सांगा म्हटले तर कोणी सांगू शकेल का?

युरोपात नेमके असे झाले आहे. तिथे मायोटिस मायोटिस आणि मायोटिस ब्लायथाय ही दोन वटवाघळे आहेत. एक थोडे मोठे, दुसरे थोडे लहान. दातांच्या रांगेची लांबी मोजली तर बरेचसे ओळखू येतात. कितीतरी ठिकाणी एकाच छपराखाली दोघांच्या माद्या पिले वाढवतात. रात्री मात्र वाटा वेगळ्या. स्वित्झर्लंडमधील अभ्यासात असे दिसले की पहिले मोकळ्या जमिनीवरचे भुंगेरे उचलते, दुसरे उंच गवतातले नाकतोडे टिपते. मापे म्हणतात दोन जाती, आहार म्हणतो दोन जाती. आणि सायटोक्रोम-बी? ते म्हणते एकच! युरोपातल्या दोघांच्या या जनुकात जवळजवळ फरकच नाही. दोन टक्क्यांचा नियम लावला तर प्रकरण तिथेच मिटते.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासाने कोडे सुटले. केंद्रकातला डीएनए, जो आई आणि वडील दोघांकडून येतो, तो पाहिला तर दोन गट स्वच्छ वेगळे निघाले. ब्लायथाय हे आशियातून युरोपात आलेले वटवाघूळ. आल्यावर कधी तरी त्याच्या नरांचा मायोटिसच्या माद्यांशी संकर झाला. त्या संकरातल्या मुली पुन्हा ब्लायथायच्याच नरांशी जुळत गेल्या. पिढ्यांमागून पिढ्या केंद्रक ब्लायथायचे होत गेले, पाटल्या तेवढ्या मायोटिसच्या राहिल्या. मध्य आशियातल्या ब्लायथायकडे निराळ्याच पाटल्या आहेत. आपल्या वाचकांसाठी एक जोडतपशील : ब्लायथाय हे नाव १८५७ साली टोम्स यांनी ज्या नमुन्याला दिले तो राजस्थानातल्या अजमेरजवळच्या नसिराबादचा आहे. त्यामुळे युरोपातल्या त्या लहान वटवाघळाला हे नाव शोभते की नाही, हा वाद शेवटी आपल्या नसिराबादपाशी येऊन थांबतो.

चूक उलट्या दिशेनेही होऊ शकते. जर्मनीतल्या बेक्स्टाइन वटवाघळांच्या वसाहतींचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. या जातीत मुली जन्मभर माहेरीच राहतात आणि मुलगे बाहेर पडतात. परिणाम असा की शेजारच्या दोन वसाहतींतल्या माद्यांचा तंतुकणिकांमधला डीएनए ठळकपणे वेगळा असू शकतो. केंद्रकाचा डीएनए मात्र नरांमार्फत सगळीकडे मिसळत राहतो. वटवाघळांत ही रीत बरीच आढळते. तेव्हा फक्त आईच्या वाटेने येणारे जनुक घेऊन दोन डोंगरांमधला फरक मोजला, तर जो आकडा येईल तो जातींचा असेल की माहेरपणाचा, हे आकड्याकडे पाहून कळायचे नाही.

आमच्या मते मुद्दा इथेच आहे. सायटोक्रोम-बीतला टक्का हेही एक मापच आहे, अग्रबाहूसारखे. ते अधिक बारीक आहे, वेगळ्या गोष्टीचे आहे, पण मापच. प्रयोगशाळेतून महागड्या यंत्राने काढले म्हणून त्याला न्यायाधीशाची खुर्ची मिळत नाही. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उभे करायला हवे, आणि उलटतपासणी घ्यायला हवी : नमुने किती, कुठून कुठपर्यंतचे, मधला मुलूख वगळला का, केंद्रकातली जनुके पाहिली का?

आपल्याकडे हे काम चांगल्या रीतीने झालेले नाही असे नाही. दक्षिण भारतात नालाच्या आकाराच्या नाकाचे एक तांबूस वटवाघूळ आहे, ऱ्हायनोलोफस रूझाय. ही वटवाघळे एकाच ठरावीक सुरात आवाज काढतात. मदुराई आणि बेंगळुरूच्या संशोधकांना त्यांच्यात दोन गट आढळले, एकाचा सूर सुमारे ८० किलोहर्ट्झचा, दुसऱ्याचा सुमारे ९० चा. शरीराने दोघे जवळजवळ सारखे. २०१० मध्ये त्यांनी डीएनएची जोड देऊन या सख्ख्या भावंडांसारख्या दोन जाती असल्याचे मांडले आणि २०१२ मध्ये एकीला ऱ्हायनोलोफस इंडोरूझाय हे नाव मिळाले. इथेही आवाज आधी आणि डीएनए नंतर, हा क्रम आम्हांला आवडतो. अर्थात आवाजही मापच. या कुळात जागेप्रमाणे सूर थोडा सरकतो. म्हणून कानावर एकट्याने विसंबू नये. पण तीन निरनिराळे साक्षीदार, एकमेकांशी बोलणे न झालेले, तेच सांगू लागले तर ऐकावे.

नावावरून एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी विचारील. त्याला कायद्याचे पुस्तक दाखवावे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत फळखाऊ वटवाघळे पाचव्या अनुसूचीत होती, उंदीर आणि कावळ्यांच्या पंक्तीला, 'उपद्रवी' म्हणून. त्यातून वेगळे काढून पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसवलेली वटवाघळे दोनच : एक लॅटिडेन्स सलीमअलीआय, आणि दुसरे किडेखाऊ ओटोमॉप्स रॉटनाय. हे दुसरे १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस यांनी बेळगाव जिल्ह्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या नमुन्यांवरून वर्णिले, आणि पुढे अनेक दशके ती गुहा हीच त्याची जगातली एकमेव माहीत असलेली वस्ती होती. लॅटिडेन्सचा तो नमुना कपाटात 'स्फिंक्स' याच नावाने राहिला असता तर कायद्याच्या लेखी तो उपद्रवीच होता. एका नावाने पाचव्या अनुसूचीतून पहिल्या अनुसूचीत नेले.

आणि आता रोगांचे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळे पकडून निपा विषाणूच्या संसर्गाच्या खुणा शोधल्या, आणि २०२१ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. काम महत्त्वाचे आहे, त्याबद्दल शंका नाही. पण निबंधाच्या शीर्षकातच दोन नावे आहेत : रूसेटस लेशनॉल्टाय आणि पिपिस्ट्रेलस पिपिस्ट्रेलस. पहिले आपल्या गुहांतले नेहमीचे फळखाऊ वटवाघूळ. दुसरे नाव वाचून मात्र आम्ही थबकलो. हे तर वर वर्णन केलेले, ४५ किलोहर्ट्झवाले युरोपातले पिपिस्ट्रेल! दक्षिण आशियात त्याच्या भरवशाच्या नोंदी आहेत त्या वायव्येकडच्या : अफगाणिस्तान, पाकिस्तान, काश्मीर. सह्याद्रीत या प्रजातीची जी मंडळी राहतात ती कोरोमांड्रा, टेन्युइस, सिलोनिकस अशा नावांची आहेत. त्यातल्या पहिल्या दोघांची मापे एकमेकांवर चढतात आणि नुसत्या अग्रबाहूवरून त्यांना वेगळे काढणे जोखमीचे असते.

विषाणूंच्या अभ्यासकाला वटवाघूळ म्हणजे नमुना मिळण्याचे ठिकाण, हे आम्ही समजू शकतो. पण पुढच्या साथीच्या वेळी कोणी विचारील की हा विषाणू वाहणारे वटवाघूळ राहते कुठे, खाते काय, माणसाच्या घरात शिरते का, तर ही सगळी माहिती ग्रंथात जातीच्या नावाखाली लिहिलेली असते. नाव युरोपातल्या प्राण्याचे पडले तर पान युरोपातल्या प्राण्याचे उघडेल. म्हणून त्या निबंधाच्या वाचकाने विषाणूच्या चाचणीविषयी विचारावे तसेच हेही विचारावे : त्या गुहेतल्या छोट्या वटवाघळाचा अग्रबाहू किती भरला, कवटी जपून ठेवली आहे का, आवाज टिपला का, आणि ऊतीचा एखादा तुकडा अजून शीतकपाटात आहे का?